हाताला काही लागलं नाही

“काहीतरी करपून राहिलं,” लीलाबाई न्हाणीतून म्हणाली.

बाबुलाल रामटेके स्वयंपाकखोलीत उभा होता. त्यानंही नाक वर करून वास घेतला. पोळीचा नव्हता, दुधाचा नव्हता. “शेजारच्यायकडलं असन,” तो म्हणाला आणि हातातला तवा ठेवायला जागा शोधू लागला.

तवा त्यानं नुकताच गॅसवरून उतरवला होता. सांडशी खिळ्याला होती तशीच लटकत होती.

लीलाबाई दारात आली. तिनं तव्याकडे पाहिलं, मग तवा धरलेल्या हाताकडे पाहिलं, आणि ओल्या हातानं त्याच्या मनगटावर असा फटका मारला की तवा फरशीवर पडून गरगरत राहिला.

“शेजारच्यायचं नाही,” ती म्हणाली. “तुमचंच आहे.”

उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि दोन बोटांची कातडी पांढरी पडली होती. बाबुलाल त्या बोटांकडे दुसऱ्याच्या घरातलं नुकसान पाहावं तसा पाहत राहिला. वाईट वाटत होतं, पण पाहुण्याला वाटतं तितकंच.

“दुखून राहिलं का?”

“थोडंसं.”

“खोटं नका बोलू. दुखलं असतं त तवा तुम्हीच फेकला असता. मले भांडे सोडून यायचं काम नसतं पडलं.”

तिनं हात नळाखाली धरला, मलम लावलं, जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. हे सगळं होत असताना तो खिडकीतून बाहेर पाहत होता. पाणी थंड आहे हे त्याला तिच्या बोलण्यावरून कळलं.

सुरुवात पायांपासून झाली होती. एकदा तो बसमधून उतरून घरापर्यंत एकाच पायात चप्पल घालून आला. दुसरी कुठं निसटली ते त्याला कळलंच नाही. गल्लीतल्या कुत्र्यानं मान वाकडी करून पाहिलं, तेव्हा त्यानंही खाली पाहिलं. डॉक्टर म्हणाला, शुगर जुनी झाली की नसा जळतात. आधी पाय, मग हात. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. बाबुलालनं राहिलेलं सांभाळायचं ठरवलं, आणि त्याच्या मते राहिली होती ती इज्जत. म्हणून कारखान्यात तो कोणाला काही बोलला नाही.

“आज थे बाहेरचे साहेब येऊन राहिले ना?” लीलाबाईनं विचारलं.

“हो.”

“तुमच्या हाताले विचारतीन.”

“विचारतीन.”

“मंग हात काय सांगन?”

बाबुलालनं डब्याचं झाकण लावलं. लागलं की नाही ते डोळ्यांनी पाहून घेतलं, आणि निघाला.

जवाहरनगरचा सरकारी दारूगोळ्याचा कारखाना सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. बाबुलालचा कारखाना तो नव्हे. हा खासगी, अलीकडचा, महामार्गापासून आत निळ्या पत्र्यांच्या शेडांचा. पाटीवरचं नाव इतकं मोघम, की सोयरीक घेऊन आलेले लोक ‘पाइप बनवता का जी?’ म्हणून विचारत.

आत क्षेपणास्त्र हा शब्द कोणी उच्चारत नसे. ‘माल’ म्हणत. इथं तयार व्हायचं ते मालाचं शेपूट: एक नळकांडं, त्याला चार पंख, प्रत्येक पंख तळहाताहून थोडा मोठा आणि आतल्या दांड्यावर फिरणारा. माल नीट उडाला की बातमी टीव्हीवर यायची आणि कॅन्टीनमध्ये जिलबी. नाही उडाला तर टीव्हीवर काहीच यायचं नाही. थोड्या दिवसांनी गेटवर पांढरी गाडी यायची. त्यामुळे कारखान्यातले लोक लग्नाच्या पांढऱ्या गाडीकडेही जरा दबकूनच पाहत.

हा माल आवाजाला कितीतरी मागं टाकून जातो. त्या वेगाला हवा ही हवा राहत नाही, भिंत होते. पंख केसभर वळला तर अख्खं धूड वळतं. आणि पंखाच्या सांध्यात केसभर ढिलाई असेल, ज्याला कामगार ‘प्ले’ म्हणतात, तर पंख सांगितलेल्या जागी थांबत नाही, थरथरतो. मग मालाच्या डोक्यातला, पंखांना हुकूम देणारा डबा त्याला सावरायला जातो, जास्त सावरतो, पुन्हा उलटा सावरतो, आणि दारुड्याला दोघांनी दोन्हीकडून धरावं तसं सगळं मिळून खड्ड्यात जातं.

बाबुलालला हे कोणी इंग्रजीतून शिकवलं नव्हतं. सानगडीला त्याचा मामा एका पाटलाच्या पटाच्या बैलांमागं होता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटते तेव्हा मागची हलकी गाडी जमिनीला टेकते कमी आणि उडते जास्त. ओझ्याच्या बैलबंडीचं चाक डुगडुगलं तर नुसती कुरकुर होते. पटात तेच चाक तेवढंच डुगडुगलं तर हाकणारा धुरकरी बैलांच्या पुढं जाऊन पडतो. म्हणून गाडी सुटायच्या आधी मामा चाक हातानं धरून, डोळे मिटून, हळूहळू फिरवायचा. गाडीवर बसायचा मान त्याला कधी मिळाला नाही. पण त्यानं मान हलवल्याशिवाय गाडी सुटत नसे. माणसाला कुठला मान मिळतो आणि कुठला नाही, याचा ताळा लावत बसलं तर पट संपून जाईल.

तेच चाक धरणं बाबुलालनं पंखाला लावलं. डायलचा काटा पंख एका जागी धरून मोजतो, आणि बरोबरच मोजतो. पण दांडा एखाद्या बाजूनं किंचित चेपलेला असेल तर ढिलाई पंख अर्धा वळल्यावरच सापडते. बाबुलाल अंगठा आणि दोन बोटांत पंखाचं टोक धरायचा, फिरवत फिरवत हलकेच डोलवायचा. पोरांनी याला नाव ठेवलं ‘नाडी पाहणं’, आणि बाबुलालला ‘वैद्य’. गुणवत्ता विभागाच्या रीता मॅडम नागपूरच्या, हुशार आणि सरळ. त्यांनी हसण्यावारी न नेता तपासणीच्या कागदात त्यासाठी वेगळा रकानाच घातला. निकाल सांगायची बाबुलालची भाषा ठरलेली होती. ‘हाताले काही लागलं नाही’ म्हणजे माल पास. ‘लागलं’ म्हणजे परत.

वैद्यकीच्या जोरावर त्याला जे मिळालं ते असं: हात असलेली खुर्ची, गेटवरच्या शिपायाचा आपणहून नमस्कार, आणि सगळ्यांना कागदी कपात चहा येत असताना त्याला एकट्याला स्टीलच्या पेल्यात. बाहेरच्याला हे फुटकळ वाटेल. ज्याच्या बापाला चहा लांबून ओतून दिला जायचा त्याला नाही वाटणार.

मागच्या धानकापणीच्या सुमाराला बोटं गेली. एका सकाळी पंख धरला आणि बोटांच्या जागी जणू दुसऱ्याचे हातमोजे होते. बाबुलालनं डोळे मिटले, पंख फिरवला, नेहमीइतका वेळ थांबला आणि म्हणाला, “हाताले काही लागलं नाही.” यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पुढं यायला लागली. माल जात राहिले, जिलबी येत राहिली, पेला येत राहिला. बोटांत सुरू झालेला बधिरपणा आत कुठवर चढला आहे ते त्याला कळत नव्हतं. कारण कळायची जागा तीच होती.

आणि मग पांढरी गाडी आली.

रीता मॅडमच्या खोलीत तीन साहेब बसले होते. बोलणारे एकच, पिकल्या मिशांचे, आवाज मऊ. असा मऊ आवाज एक तर फार चांगल्या माणसाचा असतो, नाही तर फार वरच्या. टेबलावर नागमोडी रेघांचा लांब कागद पसरलेला होता. एक रेघ बराच वेळ शहाण्यासारखी सरळ चालली होती आणि शेवटी वेड लागल्यासारखी खालीवर.

“ये तीसरा पंख है, रामटेकेजी,” साहेब म्हणाले. “आखिर में काँप रहा था. उसके बाद हमारे पास कुछ नहीं है. समंदर है.”

बाबुलालनं रेघेकडे पाहिलं.

“इसकी जाँच आपने की थी?”

“हो साहेब. म्हंजे, जी.”

“हाथ को कुछ लगा था?”

खोलीत पंखा फिरत होता. रीता मॅडम त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या नजरेत भरवसा होता, आणि भरवशाची नजर उन्हासारखी असते, तिच्याकडे फार वेळ पाहवत नाही.

“नहीं साहब,” बाबुलाल म्हणाला. “हाथ को कुछ नहीं लगा.”

कोपऱ्यातल्या साहेबानं लिहून घेतलं: प्ले नव्हता. पिकल्या मिशांनी मान डोलावली. “हाथ को क्या हुआ?”

“तवा लागला साहेब. सकाळी.”

“सँभालिए. हाथ ही तो है आपका.”

तो बाहेर आला. काहीच झालं नव्हतं. म्हणजे काहीच वाटलं नव्हतं, आणि हल्ली त्याच्यापुरतं ते दोन्ही एकच होतं.

कॅन्टीनमध्ये ठेकेदाराचा माणूस अश्विन समोर येऊन बसला. हा पोरगा वाईट नव्हता; फक्त वाईट बातमी सांगताना त्याला भूक लागायची.

“जय भीम काकाजी. सुटले तुम्ही,” तो पोह्यांवर रस्सा ओतत म्हणाला.

“जय भीम. कोण सुटलं?”

“तुम्ही. तुमचा हात क्लीन, डायल क्लीन. मंग प्ले आला कुठून? सांगा.”

“कुठून?”

“तुमच्या नाडीनंतर पंखाले कोणाचा हात लागते?”

बाबुलालचा चमचा थांबला. नाडी पाहताना पंखात कच्ची पिन असते. नाडी झाली की कच्ची पिन काढून पक्की ठोकायची आणि वर लाल लाखेचा ठिपका द्यायचा. ते काम चंदाचं. आयटीआय झालेली, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची, ठेक्यावरची. दोन बस बदलून यायची आणि नवऱ्याला नोकरी नसल्याचं कोणी विचारलं तर ‘थो शेती पाहते’ म्हणायची.

“चंदाची पिन पक्की असते,” बाबुलाल म्हणाला. “मी पाह्यली आहे.”

“मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण साहेब लोकायले काहीतरी पायजे ना जी. पर्मनंट माणसाले हात लावला त युनियन. मशीनले हात लावला त मशीनवाली कंपनी. चंदाले हात लावला त,” अश्विननं शेव वेचली, “चंदा.”

“मंग?”

“मंग काय. उद्यापासून तिचा गेटपास बंद. रिपोर्ट येईपर्यंत म्हणतीन, पण ठेक्यामंदी ‘पर्यंत’ नसते काकाजी. तुम्हाले माहीत आहे.”

“तिले सांगतलं?”

“पोहे खाऊन सांगतो.”

बाबुलाल उठला. पेल्यात चहा तसाच राहिला.

चंदा आपल्या बाकावर होती. तिला कळलं होतं. कारखान्यात बातमी पोह्यांची वाट पाहत नाही. ती रडत नव्हती. लाखेची बाटली पुसत होती, पुसून झालेली पुन्हा पुसत होती.

“काकाजी, एक इचारू?”

“विचार.”

“मी पिन तिरपी ठोकली असन का?”

“काहून? तुले असं वाटते?”

“मले नाही वाटत. पण थे एवढे शिकलेले लोक म्हणून राहिले. अन् तुमच्या हाताले त काही लागलं नाही.” तिनं बाटली खाली ठेवली. “तुमच्या हाताले लागलं नाही म्हंजे तवापर्यंत चांगलंच होतं. मंग मीच असन. दुसरं कोण राह्यलं?”

हा हिशेब बिनचूक होता, आणि तो तिनं स्वतःच्याच विरुद्ध मांडून दाखवला होता. बाबुलालवर तिचा इतका विश्वास होता की स्वतःवर ठेवायला उरला नव्हता. आजवर कोणी त्याला एवढा मोठा मान दिला नव्हता. स्टीलचा पेला याच्यापुढं काहीच नव्हे.

त्यानं तिच्या बाकावरची एक पिन उचलली. म्हणजे उचलायला गेला. पट्टीतून बाहेर राहिलेल्या बोटांतून ती निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली, आणि आपली बोटं मिटली आहेत की नाहीत हे तो वाकून पाहत होता. तिसऱ्यांदा ती घरंगळत फरशीवर गेली. चंदानं पिन पाहिली, मग त्याला पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू सुटली.

“काकाजी,” ती एवढंच म्हणाली.

“कवापासून, थे नको विचारू.”

“नाही इचारत.”

“थांब इथंच. गेटवर नको जाऊ.”

साहेब लोक उठायच्या बेतात होते. बाबुलाल दारात उभा राहिला. आत येऊ का म्हणून विचारायचं राहूनच गेलं.

“साहेब, हाताले काही लागलं नाही.”

“वो तो आप बता चुके, रामटेकेजी.”

“नाही साहेब.” त्याला हिंदी सुचेना. मग तो रीता मॅडमकडे वळला. “मॅडम, मी म्हटलं लागलं नाही. थे बराबर आहे. पण लागलं नाही म्हंजे, लागत नाही. काहीच लागत नाही. आज तवा लागला, थोही मले नाही लागला. घरवालीले वास आला.”

कोपऱ्यातल्या साहेबाचा पेन कागदावर टेकलेला होता. काय लिहावं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

रीता मॅडम उठल्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, उजव्या हाताची पट्टी नसलेली बोटं आणि सगळा डावा हात टेबलावर उताणा ठेवायला लावला. “डोळे मिटा, बाबुलालजी,” त्या म्हणाल्या. “मी पेनाचं टोक एकेका बोटाला लावते. लागलं की सांगा.”

बाबुलालनं डोळे मिटले. आयुष्यभर त्यानं डोळे मिटले होते ते दुसऱ्याचं दुखणं पाहायला. बाहेर शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. पंख्याचा येत होता. कोणीतरी घसा साफ केला. तो वाट पाहत राहिला. बायामाणसांना अशा वेळी संकोच वाटतो, हे समजून त्यानं स्वतःच म्हटलं, “करा ना मॅडम सुरू.”

पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

“झालं, बाबुलालजी,” रीता मॅडम म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. दहाच्या दहा बोटांना नाही, पण जितकी उघडी होती तितक्यांना निळ्या शाईचा एकेक ठिपका होता. पुरेसा ठळक.

पिकल्या मिशांच्या साहेबांनी मॅडमना इंग्रजीत काही विचारलं. मॅडमनी इंग्रजीतच सांगितलं. त्यातलं बाबुलालला एवढंच समजलं, की पिनेआधी पंख पास झाला हे आता धरता येत नाही. त्याच खेपेतल्या उरलेल्या मालाचा दांडा, बेअरिंग, सगळं पुन्हा उघडावं लागेल, आणि तोवर कोणा एकाच्या नावावर काही टाकता येत नाही.

“कब से?” साहेबांनी विचारलं.

“धानकापणीपासून.”

साहेब मुलुखगिरी करून आलेले होते, तरी त्यांना धानकापणी कधी असते ते ठाऊक नव्हतं. मॅडमनी महिना सांगितला. कोपऱ्यातला पेन चालू लागला आणि बराच वेळ चालत राहिला.

“आपने पहले क्यों नहीं बताया?” साहेबांचा आवाज अजूनही मऊच होता. आता कळलं, चांगल्या माणसाचा होता.

बाबुलालनं विचार केला. खुर्ची, नमस्कार, पेला. उत्तर खरं होतं, पण टेबलावर ठेवल्यावर फार लहान दिसलं असतं.

“कोणी विचारलं नाही साहेब,” तो म्हणाला. “अन् मी पास म्हणतच होतो.”

घरी गेल्यावर लीलाबाईनं विचारलं, “हातानं सांगतलं?”

“सांगतलं.”

“काय म्हटलं त्यायनं?”

“वैद्यकी गेली.”

ती तांदूळ निवडत होती. “जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमच्या औषधानं कोण बरं झालं होतं.” आणि सूप त्याच्याकडून सरकवून घेतलं, कारण तो मदतीला बसला होता आणि खड्याबरोबर तांदूळही टाकत होता.

रिपोर्ट आला तोवर मोहाची फुलं वेचून संपली होती. दांडा ठीक होता. बेअरिंग ठीक होतं. कच्ची पिन, पक्की पिन, सगळं ठीक. पंखात ढिलाई कधी नव्हतीच. चूक होती मालाच्या डोक्यातल्या डब्यात. एका ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर तो स्वतःच्याच अंगाची थरथर वाऱ्याचा धक्का समजायचा आणि पंखाला सावरायला सांगायचा. पंख थरथरत होता, कारण त्याला थरथरायला सांगितलं जात होतं. बिचाऱ्यानं हुकूम पाळला.

म्हणजे जमाखर्च मांडला तर असा दिसतो. बाबुलालची बोटं शाबूत असती तरी त्या दिवशी त्यांना काही लागलं नसतं. तो जे म्हणाला तेच तेव्हाही म्हणाला असता, आणि ते खरं ठरलं असतं. त्यानं तोंड उघडलं नसतं तरी शेवटी चंदा निर्दोषच ठरली असती. फक्त तेव्हा ती कोंढ्याला असती, तिच्या बाकावर दुसरी कोणी असती, आणि निर्दोष असल्याचं कळवायला तिच्याकडे कोणी बस पकडून गेलं नसतं. एवढाच फरक. काही लोक याला फायदा म्हणणार नाहीत. त्यांनी ठेक्यावर काम केलेलं नसतं.

बाबुलालवर कारवाई झाली ती कागदावर. प्रत्यक्षात त्याला स्टोअरमध्ये बसवलं. जाळीची खिडकी, आत रॅक, हातमोजे आणि हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. खुर्ची बिनहाताची. शिपाई अजून नमस्कार करायचा, पण आता बाबुलालनं आधी केला तर. पोरं चार दिवस ‘वैद्य’ म्हणाली, मग विसरली. त्याला वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं असतं तर त्यानं हात पाहावेत तसं आत पाहिलं असतं आणि सांगितलं असतं, काही लागत नाही.

नाडीचा रकाना रीता मॅडमनी खोडायचा म्हटला, मग नाही खोडला. पंख फिरवून मोजणारं मशीन येणार आहे; ते कधीपासूनच येणार आहे. तोवर कोणीतरी शिकलं पाहिजे, असं ठरलं.

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी चंदा खिडकीशी आली. तिच्या हातात भंगारात काढलेलं एक जुनं शेपूट होतं, एकाच पंखाचं. ते तिनं जाळीखालून आत सरकवलं आणि बाजूच्या दारातून स्वतः आत आली.

“शिकवा जी.”

“मी काय शिकवू? मलेच लागत नाही.”

“मले लागते का, थे त पाहा.”

तिनं अंगठा आणि दोन बोटांत पंखाचं टोक धरलं, डोळे मिटले आणि हळूहळू फिरवू लागली. बाबुलालनं पंखाकडे पाहिलंच नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पंख वळत गेला. चेहरा स्वच्छ होता, झोपलेल्या मुलासारखा. मग डाव्या भुवईचं टोक किंचित हललं. तिला स्वतःला पत्ता नव्हता.

“थांब,” तो म्हणाला. “मागं घे जराशी. हां. तिथंच. काय लागलं?”

“काही नाही. म्हंजे...” तिनं पुन्हा डोलवलं. “काहीतरी टोचल्यावानी. तुम्हाले कसं कळलं?”

“पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. पुन्हा भुवई हलली.

कॅन्टीनचा पोऱ्या दोन चहा ठेवून गेला, दोन्ही कागदी कपात. बाबुलालनं सवयीनं हात पुढं केला. चंदानं पंख न सोडता दुसरा हात मध्ये घातला, त्याच्या कपाला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

“गरम आहे अजून,” ती म्हणाली. “मी सांगतो.”

तिकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, सांगतो. बाबुलालनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला. ती डोळे मिटून पंख फिरवत होती, एक बोट कपावर. तो बिनहाताच्या खुर्चीत बसून, ती ‘आता’ म्हणायची वाट पाहत राहिला.